तीन टिकल्या

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मत द्यायचे गोल स्टिकर संपले होते, म्हणून आईसाठी घेतलेलं लाल टिकल्यांचं पाकीट मी पर्समधून काढलं आणि प्रत्येकाला तीन टिकल्या वाटल्या. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांसाठी आम्ही ॲप आखत होतो. पहिल्या टप्प्यात दोनपैकी एकच सोय बसणार होती. फळ्यावर दोन चिठ्ठ्या होत्या: 'पेशंट घराबाहेर पडला तर इशारा' आणि 'घरच्यांचे फोटो, नावांसकट'.

इशाऱ्याची चिठ्ठी बघता बघता लाल झाली. मी माझ्या तिन्ही टिकल्या फोटोंवर लावल्या.

"अगं, म्हातारं माणूस रस्त्यावर हरवलं तर? फोटोंचं नंतर बघू," आमचा टीम लीड मकरंद म्हणाला. "तुला तर हे सगळं घरातूनच माहितीये."

तो बरोबर बोलत होता, म्हणूनच मला जास्त राग आला.

"माझी आई घराबाहेर पडतच नाही रे. घरात बसूनच मला विचारते, तुम्ही कोण?"

पण मतं इशाऱ्यालाच जास्त होती. शेवटी मीच फोटोंची चिठ्ठी काढून 'नंतर'च्या रकान्यात चिकटवली.

संध्याकाळी घरी आल्यावर उरलेलं पाकीट आईच्या हातात दिलं. तिनं एक टिकली सोडवली, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि ती अलगद माझ्याच कपाळावर लावली.

"मोकळं कपाळ बरं दिसत नाही हो," ती म्हणाली. "तुमच्या आईनं कधी सांगितलं नाही का?"