दुसऱ्याच्या हातची काडतुसं

पोकळ डोक्यात काडतूस अडकवलेला हातोडा मर्व्हनं पुन्हा ओंडक्यावर आपटला. काडतुसाच्या पितळी पुंगळीतून शिशाची गोळी सुटली आणि त्या पोकळीत पडली. तिच्यामागून चिमूटभर दारू सांडायला हवी होती. काहीच सांडलं नाही.

"अरे हार्लन, लेका, दारूच घालायला विसरलास?" मर्व्ह हसला. "नेमबाजीच्या क्लबात कळलं तर स्वर्गातून परत बोलावून झापतील तुला."

आर्डिस हसली नाही. नवऱ्याच्या गॅरेजच्या दारात ती अंगातला कोटही न काढता उभी होती. हार्लनला पुरून महिनाही झाला नव्हता. घर विकून ती बहिणीकडे निघाली होती, आणि त्याआधी तिला शिसं वितळवायची भट्टी, साचे, काडतुसांचे डबे, सगळं नजरेआड करायचं होतं.

आमच्या खोऱ्यात काडतुसं घरीच भरतात, पण दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कोणी झाडत नाही. दारू जरा जास्त पडली की पिस्तूल हातातच फुटतं; मग भरणारा कितीही भला असो, त्याच्या भलेपणाला काय चाटायचंय? बायको तेवढी अपवाद. म्हणून माणूस गेला की त्याचा जवळचा मित्र येतो आणि त्याची काडतुसं एकेक करून उकलतो. मर्व्ह सकाळपासून तेच करत होता. हार्लनच्या स्वतःच्या पिस्तुलाची काडतुसं उकलून झाली, एकातही खोट निघाली नाही. आता आर्डिसच्या उशालगतच्या छोट्या पिस्तुलाचा डबा समोर होता.

"आटप बाबा लवकर," आर्डिस म्हणाली. "मला इथला वास सोसवत नाही."

वास मेणाचा होता. वितळलेल्या शिशातला मळ वर यावा म्हणून हार्लन त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकायचा. कोल्बी, त्यांचा एकुलता एक मुलगा, काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात नदीवरचा बर्फ फुटून बुडाला. त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हार्लननं ही भट्टी पेटवली होती. आत आर्डिस अंथरुणावर पडलेली, अन्नाला शिवत नव्हती. आणि हा इथं टायरवाल्याकडून आणलेलं, चाकांना लावायचं जुनं शिसं वितळवत बसला होता. संध्याकाळी तिच्या उशाजवळची जुनी काडतुसं त्यानं काढून घेतली आणि हा नवा डबा ठेवला. "ताजी आहेत," एवढंच बोलला. रडला नाही. तिच्याजवळ घटकाभर बसलासुद्धा नाही. ते तिनं त्याला कधीच माफ केलं नाही. त्यानंतर ती त्याच घरात राहिली, त्याचं जेवण झाकून ठेवत राहिली, पण बोलणं कामापुरतं.

एक मात्र नवल झालं. देवाचं नाव काढलं की पाठ फिरवणारी ही बाई त्या हिवाळ्यापासून दर रविवारी चर्चला जाऊ लागली. का, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही.

मर्व्हनं दुसरं काडतूस उकललं, मग तिसरं. त्याचं हसू मावळलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्यानं पुंगळीचं बूड पाहिलं. चाप ओढला की जिच्यावर घाव पडून ठिणगी उडते, ती बुडाची टोपी त्यानं सुटी करून उजेडात धरली.

"ही पण मेलेली, आतला मसालाच काढून टाकलाय. आर्डिस, ही चूक नाही. मुद्दाम केलंय त्यानं."

"मुद्दाम?"

"एक काडतूस खरं नाही यात! लाकूड वाहायचा ट्रक घेऊन गडी आठवडा-आठवडा डोंगरात असायचा आणि तू इथं एकटी. कोणी घुसलं असतं म्हणजे? खेळणं दिलं होतं त्यानं तुझ्या हातात. आणि मी याला देवमाणूस म्हणत होतो!"

"मला नाही नवल वाटत," आर्डिस म्हणाली. "खरं असं त्यानं मला दिलं तरी काय कधी?"

मर्व्हनं रागानं डबा पालथा केला. काडतुसं टेबलावर घरंगळली. त्यातल्या एकावर त्याची नजर अडकली.

"थांब. याच्या टोपीवर घाव पडलाय. कोणीतरी चाप ओढलाय याच्यावर." त्यानं वर पाहिलं. "कधी गं? कोण आलं होतं?"

आर्डिसनं ते काडतूस त्याच्या हातातून घेतलं. बुडावरच्या खाचेवरून तिनं अंगठा फिरवला आणि ती तिथल्याच खोक्यावर बसली.

"कोणी नव्हतं आलं," ती म्हणाली. "मी एकटीच होते. कोल्बीच्या त्या हिवाळ्यात."

मर्व्हला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं हातोडा हळूच खाली ठेवला.

"नुसता खट्ट आवाज झाला," आर्डिस म्हणाली. "मला वाटलं, देवानं हात धरला." तिनं काडतूस मुठीत घेतलं. "हार्लनला... हे दिसलं असेल?"

मर्व्हला खोटं बोलता आलं असतं तर तो बोलला असता.

"दर रविवारी पाहायचा तो. मी यायचो ना कॉफी प्यायला. माझ्याकडून सगळी पिस्तुलं पुसून घ्यायचा, पण तुझ्या डब्याला हात लावू द्यायचा नाही. एकेक काडतूस उलटं करून बघायचा. बायकोचे दागिने मोजतोस का रे, म्हणून मी चिडवायचो. एकदा त्यातलं एक हातात धरून ढसाढसा रडला. मला वाटलं, पोराची आठवण आली असेल. मग डोळे पुसले आणि ते होतं तिथं परत ठेवलं."

"रविवारी कधी?"

"सकाळी. तू चर्चला गेलीस की."

आर्डिसनं मूठ घट्ट मिटली.

"म्हणजे त्याच वेळी," ती म्हणाली, "मी आभार मानायला भलत्याच दारी जात होते."