केसभर फट
माझ्या यंत्रातले लाखभर चिमुकले आरसे काचेवरच्या लेपावर उजेडानं बारीक नक्षी तुकड्यातुकड्यानं उमटवत, पण दोन तुकड्यांच्या सांध्यावर केसभर फट राहायची. चार महिने तिनं माझा जीव खाल्ला. मुदत मंगळवारी संपत होती. रविवारी त्या फटीचा मोठा केलेला फोटो जन्मभर कोट शिवलेल्या सासऱ्यांनी पाहिला. “कडेला कड लावून कोण शिवतं? शिवणीला जास्तीची माया सोड, कडा एकावर एक चढव.” “बाबा, उजेड आहे हा. दोनदा पडला तर रेघ फुगेल.” “मग तिथं दोन्ही थर पातळ कर. कॉलरला आम्ही तेच करतो.” मी हसले. सोमवारी मात्र कडा एकमेकींवर चढवल्या, तेवढ्या पट्टीत उजेड निम्मा केला. संध्याकाळी नवा फोटो त्यांना दिला. त्यांनी नख फिरवून सांधा शोधला, सापडेना. मग सवयीनं फोटो उलटवून कोरी पाठ तपासली. म्हणाले, “आतूनही स्वच्छ आहे.”