काकूंचा खास मसाला

सकाळी प्रयोगशाळेत, एका हॉटेलातून जप्त करून आणलेल्या रंगाच्या रिकाम्या प्लास्टिक बादलीत गरम ठेवलेलं तेल शाल्मलीनं हुंगलं आणि नाक मुरडलं. शी! प्लास्टिकमधलं काय काय अन्नात उतरतं हे तपासणं तिचं रोजचंच काम, पण आजचा वास ओळखीचा वाटत होता.

तिनं स्वतः हट्टानं स्टीलचाच डबा लावला होता. संध्याकाळी रिकामा डबा परत द्यायला ती खाणावळीत गेली, तर काकू उकळती आमटी तसल्याच बादलीत ओतत होत्या.

“काकू, यात?”

“अगं, स्वच्छ घासलीय! तुझा डबा रोज यातूनच तर भरते.”

वाफेबरोबर वासाचा भपकारा आला. सकाळचाच! त्यालाच काकूंचा खास मसाला समजून शाल्मली वर्षभर बोटं चाटत आली होती.