उजवीकडची चाकं

डावीकडची मागची चाकं गरगर फिरत होती आणि भटूचा हायवा डंपर जागचा हलत नव्हता. आटलेल्या तलावातला काळा गाळ उडून थेट पोकलेनच्या काचेवर बसत होता. उजवीकडची चाकं मात्र मांडवातल्या व्याह्यासारखी स्वस्थ होती.

"माल आठेच वती दे!" पोकलेनवाला वना ओरडला. "रिकामी गाडी मी ओढी काढस. भरेल गाडी निघनार नही."

वनाला घाई होती, आणि त्याचं चुकतही नव्हतं. गाळ काढायचा आज शेवटचा दिवस. संध्याकाळी पोकलेन साक्रीकडच्या कामावर निघणार. महिनाभर गावानं नंबर लावून गाळ नेला, बरड रानांवर पसरला. शेवटचा नंबर भिकुबाईचा, आणि तिच्या वाट्याला एकच खेप. ती इथं ओतली म्हणजे गेलीच.

म्हातारी तशी हट्टी. बाकीच्यांनी काठाजवळचा, सोपा गाळ मुकाट्यानं नेला. हिला हवा होता बाभळीकडच्या कोपऱ्यातलाच. तो कोपरा सगळ्यात शेवटी उघडा पडलेला, सगळ्यात मऊ. एकही ड्रायव्हर तिकडं फिरकला नव्हता. पण रोज दुपारी तिच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा हाणलेला भटू नाही कसा म्हणणार? गेला, आणि फसला.

डॅशबोर्डवर लॉकचं बटण होतं. त्यावर दसऱ्याला बायकोनं लावलेलं कुंकू अजून तसंच होतं, कारण भटूचं बोट त्या बटणाला कधी लागलंच नव्हतं. हे लॉक लावलं की दोन्हीकडची चाकं बांधल्यासारखी बरोबर फिरतात. एरवी जे चाक चिखलात मोकळं फिरतं, त्याच्यावरच इंजिनाचा जोर वाया जातो आणि घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. भटूला हे ठाऊक होतं. पण त्याचे उस्ताद रुपचंद एकदा लॉक काढायला विसरले, तसेच धुळ्यात भर चौकात वळले, आणि एक्सल मोडून बसले. तेव्हापासून त्यांच्या हाताखालच्या सगळ्या पोरांनी या बटणाला लांबूनच नमस्कार केला होता.

आणि दोन्ही बाजूंना चिखलच असला तर लॉक तरी काय करणार? सगळी चाकं मिळून खड्डा खणणार. भटूनं सुस्कारा टाकला आणि माल ओतायला हौद्याच्या लिव्हरकडं हात नेला.

"वतू नको, भाऊ!"

भिकुबाई काठावरून खाली येत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात काठी. गाडीच्या डाव्या बाजूला येऊन तिनं काठी रोवली. काठी हातभर आत गेली. मग वळसा घालून ती उजवीकडं गेली, एक जागा नीट बघितली आणि तिथं काठी हाणली.

टक्क!

भटूनं खिडकीतून मान बाहेर काढली. तिनं दोन पावलं पुढं होऊन पुन्हा हाणली. पुन्हा तोच आवाज.

"तुना उजवा चाकं दगडना बांधवर शेतस," ती म्हणाली. "बांध सरळ त्या बाभूळलोंग जास. गाडी वाकडी करू नको."

लॉक लावल्यावर गाडी वाकडी करायचीच नसते, हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. वना हसला. "अक्का, तुले काय सपन पडनं का?" पण भटू हसला नाही. त्यानं टक्क ऐकलं होतं.

त्यानं रेसवरचा पाय उचलला, चाकं पूर्ण थांबू दिली. मनातल्या मनात उस्तादांची माफी मागितली आणि कुंकवाचं बटण दाबलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पहिला गिअर, स्टिअरिंग नाकासमोर, क्लच हळूहळू. सगळी गाडी थरथरली. डावीकडची चाकं फिरायला लागली, पण आता एकटी नव्हती. उजवीकडच्यांनी दगड धरला. हायवा हातभर सरकला, मग दोन हात, मग बाभळीच्या रोखानं चालायलाच लागला. वनानं एक कचकचीत शिट्टी मारली. भटूला इतका आनंद झाला की एकटाच केबिनमध्ये मोठ्यानं हसला.

चढ संपला, कडक जमीन लागली. वळायच्या आधी त्यानं लॉक काढलं आणि दिवा विझल्याची दोनदा खात्री केली.

भिकुबाईचं बरड रान गावाच्या वरच्या अंगाला होतं, नुसते खडे आणि कुसळं. तिनं आधी गाडीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, मगच हौदा उचलू दिला. काळाभोर ढीग पडला. ती त्याच्याजवळ बसली. एक ढेकूळ उचलून नाकाशी नेलं, मग पदरात बांधलं. चेहऱ्यावर असं समाधान, की भटूला उगाच आपली आई आठवली.

खोबऱ्याचा तुकडा चघळत त्यानं विचारलं, "अक्का, चाळीस वरीसथीन तो कोपरा पानीखाल व्हता. खालना बांध तुमले कसा माहीत?"

भिकुबाईनं पदराच्या गाठीवरून हात फिरवला.

"तो बांध मन्हा सासरानी न् मी रचेल शे, भाऊ. तलाव बांधा तवय मन्हं वावर पानीम्हां गयं." तिनं ढिगाकडं पाहिलं आणि हसली. "आज ते परत घर उनं."