एका मार्काचं उदाहरण

इंग्रजीच्या बाईंनी वर्गात समजावलं होतं, “अपॉस्ट्रॉफी म्हणजे नुसतं अक्षराच्या डोक्यावरचं चिन्ह नव्हे, तो अलंकारही आहे. जो मेलाय, दूर गेलाय, ज्याला ऐकूच जाणार नाही, अशाला हाक मारून बोलायचं.”

त्याच आठवड्यात मागच्या बाकावरची मुलगी दोनदा स्टाफरूमच्या दाराशी आली. “बाई, थोडं बोलायचं होतं.” दोन्ही वेळा बाई मान वर न करताच म्हणाल्या, “परीक्षा होऊ दे गं, मग बघू.”

परीक्षा झाली, सुट्टी लागली. घरी पेपर तपासताना ‘अपॉस्ट्रॉफीचं एक उदाहरण द्या’ या प्रश्नाखाली त्या मुलीचं अक्षर दिसलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, अर्थ मात्र स्वच्छ होता. ‘बाई, आई कामावर गेली की बाबा आतून कडी लावतात. सुट्टीत मी कुठे जाऊ?’

उदाहरण अगदी बरोबर होतं. शाळेच्या यादीतून तिच्या घरचा नंबर शोधून बाईंनी घाईघाईने फोन लावला.



“बाई का? नमस्कार. मी तिचा बाबा,” पलीकडून शांत आवाज आला. “तिचं काय असेल ते मला सांगा ना.”