वीस मिनिटं पुढे

हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि पुन्हा विझला. धनंजयनं कपाळावर हात मारून घेतला.

आज तिसरा दिवस. अड्याळच्या बियाणे संघाच्या ऑफिसात व्हीपीएनचं ते वहीएवढं काळं यंत्र बसवायचं, वायरी जोडायच्या, चार ओळी माहिती भरायची, की भंडाऱ्याच्या मुख्य ऑफिसशी या ऑफिसची खाजगी वाट उघडणार. तासाभराचं काम. पण इथलं यंत्र हाक मारायचं, तिकडचं ओळख द्यायला नकार द्यायचं आणि दिवा जायचा. त्यानं पासवर्ड बदलले, वायर बदलली, सगळं पुसून दोनदा पहिल्यापासून भरलं. यंत्र आपलं हटून बसलेलं.

सकाळीच नागपूरहून त्याच्या कंपनीच्या भोजराज साहेबांचा फोन येऊन गेला होता. आज पाचपर्यंत चालू झालं नाही तर उद्यापासून कामावर येऊ नकोस, असं ते आवाज न चढवता म्हणाले. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

त्यात आईचं टुमणं. रविवारी पवनीला मुलगी पाहायला जायचं होतं. मुलीचा फोटो, घरची माहिती, सगळं आईनं त्याच्या मोबाइलवर पाठवलं होतं. त्यानं अजून उघडलंही नव्हतं. इथे नोकरीच टिकत नव्हती, फोटो काय पाहायचा! चौतिशीतल्या बिननोकरीच्या माणसाला मुलगी कोण देणार?

त्या ऑफिसात त्याची विचारपूस करणारी एकटी उषाबाई. रोजंदारीवरची शिपाई. बसनं यायची, झाडायची, पाणी भरायची, संध्याकाळी कुलूप लावून परत बसनं जायची. पहिल्या दिवशी तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि न मागता चहा आणला. मग गाव विचारलं, आईची तब्येत विचारली, भाऊबहिणी किती तेही विचारून घेतलं. बायांना चौकशा फार, असं मनाशी म्हणत त्यानं उत्तरं दिली. तिन्ही दुपारी तिनं आपल्या डब्यातला अर्धा भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण त्याच्यापुढे सरकवलं.

आज जेवताना तिनं विचारलं, "एवढा तरास होऊन राहिला, तुमाले राग नाही येत काय, बाबू?"

"येते ना. पण काढू कोनावर?"

ती हसली. उरलेलं वरणही तिनं त्याच्याच ताटात वाढलं.

साडेचारच्या सुमारास बियाण्याच्या चौकशीला आलेले एक शेतकरी, भय्याजी, भिंतीवरचं घड्याळ पाहून धडपडत उठले. पाच वाजायला आले, बस गेली म्हणून हळहळू लागले.

"बसा भय्याजी," उषाबाई म्हणाली. "ते घडी वीस मिनिटं समोर आहे. बस सुटू नये म्हणून मीच ठेवली. इथं सगळ्याइले मालूम आहे."

धनंजयचा हात थांबला.

पहिल्या दिवशी यंत्रात वेळ भरताना मोबाइल त्याच्या कानाला होता आणि पलीकडून साहेब बोलत होते. त्यानं मान वर करून भिंतीवर पाहिलं आणि दिसली ती वेळ भरली. पुढेही दरवेळी तिथूनच. दोन्हीकडच्या यंत्रांची घड्याळं जुळली नाहीत तर ओळख पटत नाही, हे या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

त्यानं मोबाइल पाहून वेळ दुरुस्त केली. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

त्याला आनंद झाला, पण त्याहून जास्त लाज वाटली. त्यानं व्हरांड्यात जाऊन साहेबांना फोन लावला.

"तीन दिवस काय बोंबललं होतं?" साहेबांनी विचारलं. "संघाला कारण लेखी द्यावं लागेल. आपली चूक असेल तर तुला ठेवणार नाही, आधीच सांगतो."

खरं जिभेवर आलं होतं. खिडकीतून उषाबाई माठात पाणी ओतताना दिसत होती.

"इथली शिपाई झाडताना मशीनचा प्लग काढते, सर," तो म्हणाला. "आज पकडलं."

"तसं लिही आणि त्यांच्या मॅनेजरची सही आण."

मॅनेजर टेकचंदनं कागद वाचला, उषाबाईला बोलावलं आणि तिलाही वाचून दाखवला. असले हात इथे नकोत, उद्यापासून येऊ नका, असं सांगून त्यानं सही केली. धनंजय वायरी गुंडाळत राहिला. त्यानं मान वर केली नाही.

उषाबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिनं डबा पिशवीत घातला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"तुमची भंडाऱ्याची बस येऊन राहिली, बाबू," ती म्हणाली. "निघा."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाईला दुसरीकडे कुठेही झाडायचं काम मिळेल, असं त्यानं स्वतःला दोनदा बजावलं. भंडारा जवळ आलं तेव्हा आईचा फोन आला.

"आई, नोकरी वाचली," तो आधीच म्हणाला.

आई म्हणाली, "रविवारी जायचं नाही आता. पवनीवाले नाही म्हनून राहिले."

"मले न पाहताच? काहून?"

"पोरीच्या मायनं पाहिलं म्हनते तुले. तीन दिवस आपल्या डब्यातलं जेवू घातलं म्हनते."