विकायचे ते खरे

आइसक्रीमचा तिसरा गोळाही कलंडला. ब्राउनीच्या माथ्यावरून तो संथपणे घसरला आणि ताटलीत त्याचे पांढरे तळे झाले, तेव्हा रेनाटा जॅब्लॉन्स्कीच्या कपाळावर घर्मबिंदू उभे राहिले. वस्तुतः खिडकीबाहेर मिलवॉकी शहरावर जानेवारीचे हिम अव्याहत पडत होते. परंतु स्टुडिओतील दिव्यांना त्याचे काय!

"बाहेर नेऊन काढा की फोटो," मिस्टर श्मेलिंग म्हणाले. "दगड होईल दगड. आमच्या गाईसुद्धा बाहेर पडायला तयार नाहीत आज."

"तुमच्या गाई या दिव्यांखाली आणा," अर्लीन कॅमेऱ्यामागून उत्तरली. "त्याही वितळतील."

श्मेलिंग हे एका लहानशा डेअरीचे मालक. आपले व्हॅनिला आइसक्रीम कोरड्या बर्फाच्या, म्हणजे ड्राय आइसच्या, पेटीत घालून ते स्वतः घेऊन आले होते. छायाचित्रे अर्लीन विर्ट्झ काढीत असे आणि तिच्या हाताखाली रेनाटा कित्येक वर्षे ताटल्या सजवीत आली होती. आज सकाळी मात्र अर्लीनने सांगितले होते, "ताटली तुझी. मी फक्त बटण दाबणार." हे एक चित्र साधले, तर डेअरीच्या उन्हाळ्यातील सर्व जाहिरातींचे काम रेनाटाच्या स्वतःच्या नावावर होणार होते.

कोरड्या बर्फातून निघालेला गोळा प्रथम खडूसारखा निर्जीव दिसतो. मग त्याच्यावरील दंव विरते, कडा ओलसर होतात आणि दोन-चार श्वासांपुरते त्याला सौंदर्य प्राप्त होते. त्यानंतर त्याचा अधःपात अटळ असतो. तो श्वास ओळखणे हीच या व्यवसायातील खरी विद्या. रेनाटा प्रत्येक वेळी एक तर घाई करीत होती किंवा मागे राहत होती.

"चला, कॉफी घेऊ," असे म्हणून अर्लीन श्मेलिंगना शेजारच्या खोलीत घेऊन गेली.

रेनाटा एकटी उरली. फळीवरील डब्यात काल तयार केलेला एक गोळा शिल्लक होता. डुकराची चरबी आणि पिठीसाखर मळून केलेला; तासन् तास दिव्यांखाली ठेवला तरी ढिम्म न हलणारा. काल जाहिरात केकची होती, म्हणून त्यात पाप नव्हते. जे विकायचे ते खरे असावे, बाकी सारे खोटे चालते, हा या धंद्याचा धर्मच होय. आजच्या ब्राउनीच्या पोटातही पुठ्ठा होता आणि तिची तकाकी तेलाची होती. त्याबद्दल कोणाचीच हरकत नव्हती. पण आज विकायचे होते ते आइसक्रीम.

तिचा हात डब्याकडे गेला.

दोघे परतले. अर्लीनने बटण दाबले. पडद्यावर चित्र उमटताच श्मेलिंगनी हातातला कप खाली ठेवला.

"वा! हेच! अगदी आमचंच! कुठेही ओळखलं असतं मी." बायकोला पाठवावे म्हणून त्यांनी खिशातून फोन काढून पडद्याचा फोटो घेतला.

अर्लीन बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

"कडा भारी धीराच्या आहेत याच्या," ती हळूच म्हणाली. "एवढ्या उजेडात घामसुद्धा नाही." मग तिने मान वळवली. "काय गं, दिवे मालवू, की राहू देऊ?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता, आणि आधारही नव्हता. आजवर अर्लीनने रेनाटाच्या ताटलीतला एकेक कण चिमट्याने हलवला होता. कित्येकदा सबंध ताटलीच कचऱ्यात ओतून "पुन्हा" म्हटले होते. आज ती बोटही लावीत नव्हती. त्यापेक्षा चार शिव्या पत्करल्या असत्या, असे रेनाटाला वाटले.

"मिस्टर श्मेलिंग, थांबा. तो फोटो पाठवू नका."

"का? झकास आलाय."

"ते तुमचं आइसक्रीम नाही. चरबी आहे. मला तुमचं जमेना, म्हणून तुम्ही आत असताना मी हे ठेवलं. अर्लीनचा यात काही संबंध नाही."

"चरबी?"

"डुकराची. आणि साखर."

श्मेलिंगनी पडद्याकडे पाहिले, मग ताटलीकडे पाहिले. त्यांचे कान आरक्त झाले. आता ते कोट उचलून चालते होणार, हे रेनाटाने गृहीत धरले.

"जन्म गेला माझा या कामात," ते शेवटी म्हणाले, "आणि मी म्हणतो, कुठेही ओळखलं असतं! बायकोला सांगू नका हं कुणी." पण ते हसले नाहीत. पेटी उघडून त्यांनी एक डबा टेबलावर ठेवला. "शेवटचा आहे. हाही नासवलास तर मी दुसऱ्या कुणाकडे जाईन, पोरी. तोंडावर सांगतो."

"रास्त आहे," रेनाटा म्हणाली.

तिने ताटली पुसली, ब्राउनी बदलली आणि नवा गोळा माथ्यावर बसवला. अर्लीन कॅमेऱ्याला जोडलेले बटण हाती घेऊन उभी राहिली. 'आता' हा शब्द या स्टुडिओत नेहमी तीच उच्चारीत असे. या वेळी तिने ओठ मिटून घेतले.

दंव विरू लागले.

"पडेल हं," श्मेलिंग पुटपुटले.

गोळ्याच्या कडेला ओली लकाकी आली. तिच्यातून दुधाचा एक धागा सुटला आणि काळ्या ब्राउनीवरून वाट शोधीत खाली निघाला.

"अहो, पडेल ना!"

"श्शू!" रेनाटा म्हणाली.

अर्लीनचा अंगठा बटणावर टेकलेला होता. तिची नजर मात्र गोळ्याकडे नव्हती, पडद्याकडेही नव्हती. ती श्वास रोखून रेनाटाच्या ओठांकडे पाहत होती.